शोधण्याची मजुरी द्या

एक्सलेटरवर पाय नसताना गाडी रेस व्हायला लागली की गिऱ्हाईक गॅरेजात येऊन पहिला प्रश्न विचारतं, "कुठला पार्ट गेलाय?" कऱ्हाडात इतकी वर्षं गॅरेज चालवताना मी या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. लगेच दिलेलं उत्तर बहुतेक वेळा अंदाजपंचे असतं आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो. दोष शोधणं हे पार्ट बसवण्यापेक्षा अवघड काम आहे. त्याची मजुरी वेगळी ठरली पाहिजे, बिलावर वेगळी लिहिली गेली पाहिजे. ती कुणी देत नाही, म्हणूनच पार्टामागून पार्ट बदलत सुटायची खोड आमच्या धंद्याला लागली आहे.

मध्यंतरी पाटणकडचे एक गुरुजी छोटी पेट्रोल गाडी घेऊन आले. सकाळी गाडी व्यवस्थित सुरू व्हायची. थोडी चालून तापली, की उभ्या जागी रेस २,००० च्या वर. दुसरीकडे आधी थ्रॉटल बॉडी बदलून झाली होती, मग एक सेन्सर. फरक शून्य. स्कॅनर लावला तर तो म्हणे, आयडल ठरल्यापेक्षा जास्त आहे. ते तर गुरुजींनाही काट्यावर दिसत होतं.

पेट्रोल इंजिनात हवा किती शिरणार हे थ्रॉटलची चकती ठरवते. पाय उचलला की चकती जवळजवळ मिटते आणि इंजिन मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्यांवर शांत चालतं. पण या चकतीच्या पुढं, इंजिनाच्या अंगाला कुठं फट पडली, तर इंजिन तिथून हवा ओढायला लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल सोडलं जातं. हवा वाढली की दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या हिशेबानं पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. फार चढली की तोच कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, रेस खाली येते, पुन्हा चढते. अशी वर-खाली होणारी रेस ऐकली की मी पार्टांच्या दुकानात फोन करायच्या आधी पाइप बघायला घेतो.

थंड गाडीत काहीच सापडेना, म्हणून ती चांगली तापू दिली. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या खालून फिरवत नेलं. मागच्या बाजूला, जिथं हात जेमतेम पोचतो, तिथं ब्रीदरच्या पाइपाच्या वळणावर बारीक फुसफुस ऐकू आली. आरसा धरून बघितलं तर रबराला खालून चीर. थंड असताना रबर ताठ, चीर मिटलेली. तापून मऊ पडलं की ती उघडायची. चिरेवर बोट दाबून धरलं तशी रेस ८५० वर येऊन थांबली. बोट काढलं, पुन्हा चढली. मी गुरुजींना बोलावून त्यांनाही ते दाखवलं.

बिल बघून गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, पाइपाचे पैसे समजले. हे बाकीचे कशाचे?" प्रश्न प्रामाणिक होता. पण न लागणाऱ्या थ्रॉटल बॉडीचे हजारो रुपये त्यांनी विनातक्रार मोजले होते, कारण तिथं डोळ्यांसमोर नवा खोका फोडला होता. माझ्या दोन तासांना खोका नव्हता. शोधायला पैसे नाहीत आणि पार्टावर कमिशन आहे, अशा धंद्यात पोटापाण्यासाठी माणूस काय करणार?

रेस वाढण्याची कारणं इतकी निरनिराळी आहेत, की विचारपूस केल्याशिवाय बॉनेट उघडण्यात अर्थ नसतो. थंड असताना होतं की तापल्यावर? ब्रेक दाबला की रेस बदलते का? बदलत असेल तर ब्रेक बूस्टरचा पडदा किंवा त्याचा पाइप हवा ओढत असू शकतो. चढाला रेस वाढते पण गाडी वेग घेत नाही, असं असेल तर क्लच बघावा. इंजिनाच्या अंगात काही नसतं. कूलंट कमी झालं तर सेन्सरभोवती हवा राहते, कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतं आणि तो रेस चढवून ठेवतो. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेले पाइप तर आमच्याकडे हमखास येतात. एसी लावल्यावर रेस जराशी वाढते, तो दोष नव्हे. पण त्यावरही पैसे उकळलेले मी पाहिले आहेत. काही पोरं फट शोधायला तापल्या इंजिनावर कार्ब क्लिनर फवारतात. तो पेट घेतो. धूर सोडून फट दाखवणारं मशीन मिळतं, ते वापरावं.

आणि सगळ्यांत आधी पेडलपाशी वाकून बघावं. २००९ साली अमेरिकेत सॅन दिएगोजवळ टोयोटाची एक लेक्सस भरधाव सुटली आणि आतले चौघे गेले. दुरुस्तीला दिलेल्या गाडीच्या बदल्यात डीलरनं ती वापरायला दिली होती. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि त्या मॅटमध्ये एक्सलेटर अडकला होता. त्यानंतर टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. लोकांचा संशय इलेक्ट्रॉनिक्सवर होता, म्हणून 'नासा'च्या इंजिनिअरांनी दहा महिने ते तपासलं. २०११ च्या अहवालात अशा बेफाम वेगाला इलेक्ट्रॉनिक्स कारण असल्याचा पुरावा निघाला नाही. सापडले होते ते मॅट आणि अडकणारं पेडल. आपल्याकडे मूळ मॅटवर बाजारातली दुसरी जाड मॅट सर्रास घालतात. ती आजच काढा.

चालत्या गाडीत असं झालं तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरायचा. पुन्हापुन्हा पंप केला तर बूस्टरचा जोर संपतो आणि ब्रेक दगडासारखा होतो. गाडी न्यूट्रल करायची, इंजिन ओरडू द्यायचं, बाजूला घेऊन थांबायचं, मग बंद करायचं. बटणाच्या बऱ्याच गाड्यांत चालताना नुसतं टिचकीसरशी इंजिन बंद होत नाही. बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. लायसन्स देताना एवढं तरी विचारायला हवं.

डिझेलची गोष्ट वेगळी आणि जास्त भीतीची. तिथं रेस ठरते ती डिझेल किती फवारलं जातं त्यावर. टर्बोचं सील गेलं, किंवा चेंबरमध्ये ऑइल जास्त भरलं, तर तेच ऑइल हवेच्या पाइपातून आत जाऊन जळायला लागतं. मग किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन थांबत नाही, कारण त्याला डिझेल लागतच नाही. मागं निळसर-पांढऱ्या धुराचा लोट आणि इंजिनाचा आवाज चढतच जातो. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं. ते जमलं नाही तर सगळ्यांना लांब न्यायचं. हवेच्या तोंडावर हात कधीही धरायचा नाही. २००५ मध्ये टेक्सास सिटीच्या रिफायनरीत बाहेर उभा असलेला डिझेल पिकअप गळलेल्या वाफा ओढून असाच बेफाम रेस झाला, त्याच वाफांनी पेट घेतला आणि स्फोटात १५ जण मेले.

डिझेल इंजिन बेफाम व्हायच्या आधी बहुतेक वेळा सूचना देतं. इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचतं, ऑइलची पातळी घटते. उलट २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत गावातल्या गावात फिरून धुराच्या फिल्टरची सफाई अर्धवट राहिली, तर ऑइलमध्ये डिझेल उतरून पातळी वाढते. पट्टीवर खुणेच्या वर ऑइल दिसलं तर "असू दे, जास्त आहे ते बरंच" म्हणू नका. ऊसतोडीच्या हंगामात इकडे फिरणाऱ्या जुन्या जीपगाड्यांचे मालक धूर बघून वरून ऑइल ओतत राहतात, टर्बो उघडून बघायला पैसे देत नाहीत. त्या जीपमध्ये दहा-दहा माणसं बसलेली असतात.

शोधण्याच्या नावाखाली गॅरेजवाले लुबाडतील, असं कुणी म्हणेल. ती भीती खरी आहे, म्हणून मजुरीला अटी घालाव्यात. रक्कम आधी सांगावी. सापडलेलं कारण कागदावर लिहून द्यावं. आणि जिथं शक्य आहे तिथं दोष गिऱ्हाइकासमोर एकदा आणून, एकदा घालवून दाखवावा, जसा त्या चिरेवर बोट ठेवून दाखवला. माझ्याकडे आता हीच पद्धत आहे. कागद हातात पडल्यावर काम दुसऱ्या गॅरेजात करून घ्यायचं असेल तर खुशाल न्यावा. तपासणीचे पैसे तेवढे देऊन जावेत.