शेजाऱ्यांसाठीं एक अंक

"माझ्या कविता मासिकांकडून साभार परत येतात. धाकटे भाऊजी चित्रें काढतात, तीं कपाटांत पडून आहेत. आम्हीं दोघांनीं मिळून घरींच एक लहानसा अंक काढला व आळींत वाटला, तर वडील मंडळी हसतील काय?" असें एका वाचक-भगिनीनें आम्हांस विचारलें आहे. कदाचित् हसतील, तरीहि अंक अवश्य काढावा, असें आमचें मत आहे.

या मतास कारण आहे. आमच्या एक आत्याबाई तरुणपणापासून कविता लिहीत. वही एकच, ती ट्रंकेच्या तळाशीं असे. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हां भांड्याकुंड्यांची यादी चोख झाली, आणि जुन्या कागदांबरोबर ती वही रद्दींत गेली. ती ट्रंक उपडी करणाऱ्यांत आम्हीहि होतों. आत्याबाई त्याविषयीं कधीं एक अक्षर बोलल्या नाहींत. आम्हींहि कधीं विचारलें नाहीं. त्यांतील चार कविता जरी आळींतल्या वीस घरीं गेल्या असत्या, तरी एखाद्या फडताळांत त्या आज सांपडल्या असत्या.

आपलें लिहिणें आपणच छापावें यांत कमीपणा नाहीं. लंडनमधील विल्यम ब्लेक हा व्यवसायानें खोदकाम करणारा. १७८९ सालीं 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा संग्रह त्यानें तांब्याच्या पत्र्यांवर कविता व चित्र एकत्र उमटवून स्वतःच छापला. त्याच्या छपाईच्या व रंगाच्या कामांत पत्नी कॅथरीन साहाय्य करी. आपल्याकडे १९५४ सालीं मुंबईंत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदि तरुणांनीं 'शब्द' हें अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलें. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह पुस्तकरूपानें निघाला तो १९७७ सालीं. प्रकाशकाची वाट पाहत ते बसले नाहींत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां तर काम फारच सोपें झालें आहे. ए-फोर आकाराचा एक कागद तीनदां दुमडून उलगडावा, म्हणजे आठ घरें पडतात. लांबीच्या मधल्या घडीवर, दोन्ही टोकांचें एकेक घर सोडून, चीर द्यावी व कागद पुन्हां दुमडावा. टांका न घालतां आठ पानांची पुस्तिका तयार होते. एका ओळींतील चार घरें उलटीं मांडावयाचीं असतात, एवढें मात्र विसरूं नये. चित्रें काळ्या शाईनें काढावीं. झेरॉक्स यंत्रांत पेन्सिलीची छाया फिकी पडते. प्रती वीसच काढाव्या.

मात्र अंक केवळ आपल्या कवितांचा असूं नये. समोरच्या आजींना जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्यांच्यापाशीं बसून त्या उतरून घ्याव्या व त्यांच्या नांवानेंच छापाव्या. शाळेंतल्या मुलानें काढलेलें आळीचें चित्र घ्यावें. ज्याचें जें असेल तें त्याच्या संमतीनेंच घ्यावें. मग प्रत दाराच्या फटींतून सरकवूं नये. घरांत जाऊन हातीं द्यावी. अनोळखी संपादकापुढें कविता ठेवणें सोपें असतें. रोज जिन्यांत भेटणाऱ्या माणसापुढें ती ठेवावयास खरें धैर्य लागतें. पण एखादी ओळ त्या माणसास आपली वाटली, तर जिन्यांतलें बोलणें पाण्याच्या वेळेपुरतें राहत नाहीं.

आमच्या भगिनीनें पहिली प्रत घरांतील सर्वांत वडील माणसाच्या हातीं द्यावी. तीं हसलीं तर हसूं द्यावें. आणि हसून झाल्यावर त्यांना हळूच विचारावें, "आपलीहि एखादी वही कोठें आहे काय?"