सोबतीण आजारी पडली तर
क्रूझ सुटायला दोन दिवस आणि बरोबर येणारी बहीण तापाने फणफणलेली. अशा वेळी आधी डॉक्टर गाठावा, पैशांचा हिशेब नंतर. जहाजावर दवाखाना असतो, पण मोठ्या इस्पितळाची सोय भर समुद्रात नसते. ताप संसर्गाचा असेल तर तिने जायचंच नाही. २०२० मध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या क्रूझ जहाजावर ३,७११ माणसं होती, ७०० हून अधिकांना कोरोना झाला. राहिला प्रश्न तुमच्या जाण्याचा. केबिनचं भाडं बहुधा दोघांच्या हिशेबाने असतं आणि ऐनवेळी रद्द केलं तर फारसं काही परत मिळत नाही. विमा असेल, तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी घ्या. तिला सांभाळायला घरात कुणी असेल आणि तीच मनापासून ‘जा’ म्हणत असेल, तर जरूर जा. नसेल, तर थांबा.