गरोदर बाईला विचारायचे दोन प्रश्न

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची रांग लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून हा दिवस त्यांच्यासाठी राखलेला आहे. वजन होते, बीपी तपासले जाते, हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतले जाते, लघवीची तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. माता-बाल संरक्षण कार्डावर एकेक आकडा चढत जातो. झोप लागते का, सारखे रडू येते का, जगणे नकोसे वाटते का, हे विचारायला मात्र बहुतेक ठिकाणी कुणाला सवड नसते. बाईने आपणहून सांगितलेच, तर ‘असे होतेच या दिवसांत’ एवढ्यावर विषय मिटतो.

महाराष्ट्रात आता शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात राज्यातले मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले होते; देशाचे तेव्हा ९७ होते. हे यश लहान नाही आणि ते रांगेतल्या याच तपासण्यांतून आले आहे. म्हणूनच, ज्या यंत्रणेला गरोदर बाई वारंवार भेटते, तिने मनाची चौकशी न करणे अधिक खटकते.

भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर नैराश्य येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. म्हणजे पाचात एक. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट गोव्यात आधीच दिसली होती. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात गरोदर स्त्रियांची शेवटच्या तिमाहीत नोंद केली आणि बाळंतपणानंतर त्यांची पुन्हा तपासणी केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के जणी गरोदरपणातच मानसिक त्रासात होत्या. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणे कुणालाही ओळखीची वाटतील अशीच होती: पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेले नाते, मुलगा हवा असताना झालेली मुलगी.

तेव्हा ‘बाळंतपणानंतरचे नैराश्य’ हे नावच थोडे फसवे आहे. बहुतेकींचा त्रास आधीच सुरू झालेला असतो, लक्षात मात्र नंतर येतो. आणि नंतर तिला शोधणे अवघड असते. बाळ झाल्यावर दवाखान्यातल्या फेऱ्या बाळाच्या लसींसाठी होतात. आई केवळ बाळाला घेऊन आलेली असते.

गरोदरपणात हे निसटण्याचे एक कारण वैद्यकीय आहे. थकवा, भूक बदलणे, मोडलेली झोप ही नैराश्याची लक्षणे आहेत, गरोदरपणाचीही आहेत, रक्त कमी असण्याची आणि थायरॉइडचीही आहेत. हीच अडचण ओळखून एडिंबरा येथे १९८७ मध्ये दहा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली. तिच्यात शरीराची लक्षणे मुद्दाम टाळली आहेत. हसू येते का, उगाच स्वतःला दोष दिला जातो का, कारण नसताना भीती वाटते का, असे प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दल विचारले जातात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा आहे. एकूण गुण ३० आणि १३ किंवा त्याहून अधिक गुण आले की तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची. दहा प्रश्नही जास्त वाटत असतील, तर ब्रिटनमध्ये आधी दोनच विचारतात: गेल्या महिनाभरात वरचेवर उदास, निराश वाटण्याचा त्रास झाला का? आणि कशातच रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढची चौकशी. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने दोघांनीही लक्षात ठेवायला हवे.

दोन प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात. अवघड आहे ते बाईला एकटीला गाठणे. आपल्याकडे गरोदर बाई तपासणीला सहसा एकटी येत नाही. सासू असते, नणंद असते, कधी नवरा दाराशी उभा असतो. ‘कशी आहेस गं?’ या प्रश्नाला सासूसमोर एकच उत्तर असते. शिवाय ‘नैराश्य’ हा शब्द किती जणींना आपला वाटेल? बाया म्हणतात, मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोक्यात विचार येतात, टेन्शन आहे. प्रश्न या भाषेत आणि आडोशाला विचारला गेला, तरच उत्तर खरे येण्याची शक्यता. वजनकाट्यापाशी रांगेत उभे करून रजिस्टरमध्ये ‘नाही’ची खूण करायची असेल, तर ही तपासणी सुरूच न केलेली बरी.

सरसकट चाळणीला विरोध करणारे जाणकारही आहेत आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. कॅनडाच्या प्रतिबंधक आरोग्य कृतिगटाने २०२२ मध्ये गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांना सरसकट गुणांची प्रश्नावली भरायला लावू नये, अशी शिफारस केली. डॉक्टरने नेहमीच्या तपासणीत मनाची विचारपूस करावी. वर प्रश्नावली लादून अधिक भले होते याचा पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा मुद्दा. पण त्या शिफारशीत विचारपूस गृहीत धरलेली आहे. आपल्याकडे नेमकी तीच नाही. गर्दीच्या ओपीडीत जे कार्डावर छापलेले नाही ते विचारले जात नाही. म्हणून इथे दोन प्रश्न छापून घेण्याला अर्थ आहे.

त्यांच्या आक्षेपातला दुसरा भाग मात्र तंतोतंत लागू पडतो: उपचाराची सोय नसताना आजार शोधू नये. ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला पाठवायचे कुठे? तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ क्वचितच असतो. इथे शेजारच्या पाकिस्तानातला अनुभव उपयोगी आहे. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान यांच्या गटाने मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना शिकवले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून त्यांनी नैराश्यातल्या स्त्रियांच्या घरी १६ भेटी दिल्या. मनात येणारे घातक विचार ओळखायला आणि बदलायला शिकवले, घरच्यांनाही त्यात ओढले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या गटात २३ टक्के आणि साध्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. पुढे गोव्यात गावातल्याच ‘सखीं’मार्फत हीच पद्धत वापरून पाहिली गेली. तिथला परिणाम इतका ठळक नव्हता, तरी सहा महिन्यांनी ७३ टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. तुलनेच्या गटात ६० टक्के.

हे काम महाराष्ट्रात कुणाच्या अंगावर पडेल, ते सांगायला नको. आशा सेविकांच्या यादीत आधीच डझनावारी कामे आहेत आणि मोबदल्यासाठी त्यांना वारंवार मोर्चे काढावे लागतात. त्यांच्या हातात आणखी एक फॉर्म फुकटात देणे अन्यायाचे तर होईलच, निरुपयोगीही ठरेल. प्रशिक्षण, भेटीमागे ठरलेला मोबदला आणि अडले तर फोनवर बोलायला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला एक माणूस, एवढे आधी हवे. आणखी एक अडचण खास आपली. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, बाळंत होऊन महिन्या-दीड महिन्याने परतते. सासरच्या आशाने जे ओळखले, ते माहेरच्या आशाला कळत नाही. रक्तगट कार्डावर असतो म्हणून तो तिच्यासोबत जातो. मनाची नोंदही तशीच जायला हवी, मात्र घरात कुणीही उघडून वाचेल अशा शब्दांत नव्हे. साधी सांकेतिक खूण पुरेल.

औषधांबाबतचा गोंधळ वेगळाच. आधीपासून गोळ्या चालू असलेल्या अनेकजणी दिवस राहिल्याचे कळताच घाबरून त्या स्वतःच थांबवतात, आणि घरचे त्याला शहाणपणा म्हणतात. काही औषधे गर्भासाठी खरोखर धोक्याची आहेत. सोडियम व्हॅल्प्रोएट हे त्यातले ठळक नाव. पण नैराश्यावरची सर्ट्रालिनसारखी औषधे गरज असेल तर गरोदरपणातही दिली जातात. कोणती ठेवायची, कोणती बदलायची हे लिहून देणाऱ्या डॉक्टरने ठरवायचे. शक्यतो मूल होऊ देण्याचा विचार सुरू होतो तेव्हाच. अचानक थांबवल्याने आजार उलटतो आणि त्याचाही फटका आई-बाळाला बसतो.

दहाव्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला मात्र पुढच्या तपासणीची तारीख देऊन घरी पाठवता येत नाही. तिच्यासोबत कुणीतरी थांबायला हवे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ पडायला हवी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलते. हा क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूला छापायला वेगळे अंदाजपत्रक लागत नाही.