मोजा घ्यावा मोजून

लांबच्या विमानप्रवासात घालायचे घट्ट पायमोजे म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे आपल्या घरांतून सहज बोलले जाते. पण आपली लेकरे शिकली, काही परदेशी गेली. त्यांना भेटायला निघालेले आई-वडील मुंबईहून लंडनपर्यंत नऊ-दहा तास एका जागी बसून असतात. शिवाय आपल्या सोलापुरात चादरी-टॉवेलच्या मागापुढे पाळीभर उभे राहणारे कामगार आहेत. रात्रभर गाडीत पाय लोंबते ठेवून दीक्षाभूमीला जाणारे बांधव आहेत. पाय त्यांचेही सुजतात.

पायातले रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. पाय हलला नाही की रक्त खाली साचते, सूज येते आणि क्वचित शिरेत गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले, की चार तास वा अधिक बसून प्रवास केला, मग तो विमानाचा असो की एस.टी.चा, तर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाला, इतकाच आहे. म्हणून घाबरू नये, काळजी घ्यावी.

हा मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जातो. नुसत्या चपलेच्या नंबरावर तो घेऊ नये. सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्याआधी, शिंप्याच्या टेपने घोट्यावरची बारीक जागा, पोटरीचा जाड भाग आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची मोजावी व पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून पाहावी. प्रवासाला १५ ते २० मिलिमीटर पाऱ्याचा दाब पुरतो. त्याहून जास्त दाबाचा मोजा डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यावा. मोज्याला सुरकुती राहू देऊ नये. वरची कड दुमडू नये, नाहीतर तिचाच फास बसतो. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळसर झाली, तर मोजा लगेच काढावा. रात्री झोपताना तो काढून ठेवावा. हाताने धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा.

ज्यांना साखरेचा आजार आहे, पाय बधिर आहेत, पायावर जखम आहे किंवा थोडे चालले की पोटरीत गोळे येतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मोजा घालू नये. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी सिव्हिल गाठावे. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, तर क्षणभरही थांबू नये.

मोजा परवडला नाही तरी तासातासाला उठून चार पावले चालणे, बसल्या जागी टाचा वर-खाली करणे फुकट आहे. आणि मागावरच्या बांधवांना आमचे एक सांगणे आहे. उभ्याने काम करणाऱ्याला बसण्याची सोय द्यावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिले होते. तेव्हा मालकाकडे स्टूल मागायला लाजू नका. पाय शाबूत, तर घर शाबूत.