हात बसल्याशिवाय हप्ता नको

या आठवड्याच्या व्हिडिओत शेवटी मी एका हातानं पत्त्यांची गड्डी कापून दाखवली. तेव्हापासून दुकानात येणारे विचारतायत, "सर, धंद्याच्या चॅनलवर पत्ते कशाला?" व्हिडिओत वेळ नव्हता, म्हणून इथं सविस्तर लिहितो. यात माझी एक चूकही कबूल करायची आहे. ती जरा पुढं येईल.

आपल्याकडं रिकामटेकड्या माणसाला "पत्ते कुटत बसतो" म्हणतात. त्यामुळं मी गल्ल्यावर गड्डी घेऊन बसलो तेव्हा आमच्या वडिलांचं पहिलं वाक्य होतं, "दुकानात पत्ते काय कुटायलास? लक्ष्मी रुसंल." सेलूत आमचं किराणा आणि जनरलचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी एक ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. परभणी जिल्ह्याचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं! त्या तीन तासांत मोबाईल बघून बघून डोळे दुखायला लागले, म्हणून दुकानातलाच एक कॅट फोडला आणि शिकायला लागलो.

खेळायला नाही हं. रमी, बदाम सात, मेंढीकोट हे सगळं लहानपणीच झालंय. मला शिकायच्या होत्या त्या हाताच्या करामती. गड्डी हवेत पंख्यासारखी उघडायची, एका हातानं कापायची, दोन्ही हातांत तिचे चार-पाच भाग करून ते एकमेकांभोवती फिरवायचे. जगात आता याला 'कार्डिस्ट्री' म्हणतात. यात जादू नाही, फसवणूक नाही, समोरच्याला ओळखायचं पानही नाही. बघणाऱ्याला दिसतो तो फक्त हात.

सगळ्यात सोपी करामत म्हणजे 'चार्लियर कट'. सोपी म्हणतात, पण करून बघा. गड्डी डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर धरायची, तळहाताला लागू द्यायची नाही. एका लांब कडेला अंगठा, समोरच्या कडेला मधलं बोट आणि अनामिका, मागच्या आखूड कडेला करंगळी. तर्जनी मोकळी. अंगठा किंचित सैल केला की खालची अर्धी गड्डी तळहातावर पडते. मग तर्जनीनं त्या पडलेल्या भागाची कड वर ढकलत अंगठ्यापर्यंत न्यायची. वरचा भाग तिच्यावरून निसटतो आणि खाली येतो, खालचा वर जाऊन बसतो. झालं. वाचायला अर्धा मिनिट, करायला एक सेकंद, आणि शिकायला मला पाच आठवडे लागले.

पहिला आठवडा तर पानं वेचण्यातच गेला. एकदा अर्धी गड्डी साखरेच्या उघड्या पोत्यात पडली. करंगळी रात्री ठणकायची. दुसऱ्या आठवड्यात जरा जमायला लागलं, तिसऱ्यात पुन्हा बिघडलं. चौथ्या आठवड्यात वाटलं, आपली बोटंच आखूड आहेत, हे आपल्याला नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी शटर उघडून सहज गड्डी हातात घेतली आणि कट झाला. पुन्हा केला, पुन्हा झाला. आदल्या रात्री होत नव्हतं! मधे मी फक्त झोपलो होतो.

बीबीएला आम्हाला 'लर्निंग कर्व्ह' होता. १९३६ साली टी. पी. राइट या अभियंत्यानं विमानाच्या कारखान्यावरून मांडलेला. बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की प्रत्येक विमानामागची मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरते. पुस्तकात ती रेघ कशी गुळगुळीत खाली येते. परीक्षेत मीही तशीच काढली आणि मार्क घेतले. पण तो कारखान्याचा हिशेब आहे. एका माणसाचा हात बसतो तेव्हा अशी रेघ निघत नाही. बरेच दिवस काहीच हलत नाही, मधेच उलटं जातं, आणि मग एका सकाळी एकदम पायरी चढलेली असते.

यावरचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९७८ साली बॅडली आणि लाँगमन या दोघांनी इंग्लंडमधल्या पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवण्यावर अभ्यास छापला. एका गटाला रोज एकच तास सराव, दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका, आणि मधे आणखी दोन गट. एकूण सरावाचे तास मोजले, तर रोज एक तासवाल्यांना सगळ्यात कमी तास लागले. दिवस मात्र त्यांचे जास्त गेले. आणि गंमत म्हणजे, सगळ्यात नाराज तेच होते. त्यांना वाटत होतं, बाकीचे पुढं चाललेत, आपण मागं पडलो. म्हणजे ज्यांचं शिकणं सगळ्यात चांगलं चाललं होतं, त्यांनाच ते वाईट चाललंय असं वाटत होतं. हे वाचून मला माझा चौथा आठवडा आठवला.

आता माझी चूक. दीड-दोन वर्षांपूर्वीच्या एका व्हिडिओत मी जोरात म्हणालो होतो, "आधी सुरू करा, शिकणं चालत राहील!" टाळ्यांचं वाक्य आहे, त्याला व्ह्यूजही भरपूर आले. तो व्हिडिओ बघून आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा (नाव सांगत नाही) मोबाईल रिपेअरिंगमध्ये उतरला. पंधरा दिवसांचा कोर्स केला आणि दोन लाखांचं कर्ज काढलं, तीन वर्षांचं. मायक्रोस्कोप, हॉट एअर मशीन, काचेचं काउंटर, बाहेर लाईटचा बोर्ड. महिन्याचा हप्ता साडेसहा हजार.

स्क्रीन आणि बॅटरी बदलण्यापर्यंत ठीक होतं. पण तेवढं तर गल्लीतले चौघं करतात. पैसा आहे मदरबोर्डच्या कामात, तिथला चिप गरम हवेनं उचलून पुन्हा बसवण्यात. त्याला हात लागतो. हवा किती गरम, किती लांबून, कधी थांबायचं हे कोर्समध्ये ऐकलेलं होतं, बोटांना माहीत नव्हतं. आणि बोटांना शिकायला वेळच नव्हता, कारण पाच तारखेला हप्ता. म्हणून तो शिकला गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर. तीन बोर्ड जाळले. एका शिक्षकाच्या मोबाईलमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो होते, ते गेले. गाव छोटं आहे, बातमीला पाय लागत नाहीत. सहाव्या महिन्यात शटर खाली.

तो माझ्याकडं भांडायला आला नाही. त्यानं फक्त विचारलं, "सर, माझं चुकलं कुठं?" मेहनत तर त्यानं केली होती, रोज बारा-बारा तास. मला उत्तर देता येईना, कारण माझं वाक्य मला आठवत होतं.

माझं मत आता स्पष्ट आहे. ज्या धंद्यात हाताची कला विकायची आहे, तिथं हात बसेपर्यंत कर्ज काढू नका. हप्त्याचं घड्याळ महिन्याचं असतं. हाताचं घड्याळ त्याचं त्याचं चालतं, ते तुमच्या गरजेनं पळत नाही. उलट भीतीनं आणि घाईनं बोटं आखडतात. पत्त्यांवर रोज बघतो मी हे. "आत्ता जमलंच पाहिजे" म्हणून केलेला कट शंभर टक्के सांडतो.

यावर कुणी म्हणेल, असं थांबत बसलो तर आयुष्यात धंदा सुरू व्हायचा नाही. बरोबर आहे, पण सगळ्या धंद्यांना एकच नियम लावू नका. घाऊक आणून किरकोळ विकायचं असेल, तर उद्या सुरू करा. तिथं चूक झाली तर माल पडून राहतो, फार तर तोट्यात काढता. मीही तसाच शिकलो. पण ब्लाऊज शिवणं, आरी वर्क, केकवरचं आयसिंग, मेहंदी, सलून, मोबाईलचा बोर्ड, इथं चूक होते ती दुसऱ्याच्या वस्तूवर, नाहीतर त्याच्या अंगावर.

सरकारी योजनाही नीट वाचा. पीएम विश्वकर्मा योजनेत पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण आहे आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं. लोक म्हणतात, सात दिवसांत शिलाई शिकवतात. नाही हो! ती योजना आहे हातानं आधीपासून काम करणाऱ्या कारागिरासाठी. हात बसलेला आहे हे तिथं गृहीतच धरलंय. सात दिवस आहेत ते त्या हाताला धार लावायला.

पूर्वी हा प्रश्न घरात सुटायचा. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरात रघुवीर, मग विजय, मग जितेंद्र, अशी तिसरी पिढी जादू करते. अशा घरातल्या पोराचा हात बसत असतो तेव्हा हप्ता कुणी मागत नाही. आपण पहिल्या पिढीचे, आपल्याला तो काळ स्वतः काढावा लागतो. शेतीतलं काम बघत, कुणाच्या दुकानात नोकरी करत, संध्याकाळी एक तास. तो तास स्वस्तात कसा काढायचा एवढाच प्रश्न आहे. मी पत्ते शिकलो ते दुकानातल्या साध्या कॅटवर. परदेशी 'बायसिकल'ची गड्डी सरसर सरकते हे खरं, पण ती महाग आणि आपला कॅट चाळीसचा. चाळीसचा चिकटतो, कोपरे मुडपतात, तरी कट त्याच्यावरच बसला. बोर्डाचं काम भंगारातल्या मेलेल्या बोर्डांवर शिकता येतं. आरी वर्क जुन्या साडीच्या तुकड्यावर.

बसला कधी म्हणायचं? माझी कसोटी अशी. घरात एकट्यानं दहापैकी दहा वेळा जमतं, ते धरू नका. सकाळी हात थंड असताना, कुणीतरी समोर उभं असताना, पहिल्याच झटक्यात जमतं का ते बघा. माझा कट आरशासमोर बसल्यावरही गिऱ्हाइकाच्या पोरासमोर आणखी दोन आठवडे सांडत होता. हसायची पोरं. त्यांच्यासमोर नीट व्हायला लागला तेव्हा मी म्हणालो, आला.

वडिलांचं सांगायचं राहिलं. एक दिवस ते बराच वेळ माझी बोटं बघत बसले. मग त्यांनी रद्दीचा कागद घेतला, पाव किलो शेंगदाणे टाकले, घडी घातली, वरच्या रिळाचा दोरा ओढून दोन वेढे दिले आणि बोटाला पीळ देऊन दोरा तोडला. कात्री नाही, गाठ नाही, तीन सेकंद. हे मी लहानपणापासून बघतोय आणि कधी बघितलंच नव्हतं. मला म्हणाले, "पहिल्या वर्षी माझ्या पुड्या रस्त्यात सुटायच्या. मालक पगारातून कापायचा." म्हणजे त्यांचाही हात दुसऱ्याच्या दुकानात बसला, आपलं दुकान त्यानंतर.

तो मुलगा आता परभणीत एका रिपेअरिंगच्या दुकानात कामाला आहे. हप्ता अजून चालू आहे, पगारातून जातो. मशीन त्यानं विकलं नाही, घरी ठेवलंय. भंगारवाल्याकडून किलोवर बोर्ड आणतो आणि रात्री आठ ते नऊ बसतो, एकच तास. परवा फोनवर म्हणाला, "सर, या आठवड्यात पुन्हा बिघडायलंय." मी विचारलं, कितवा आठवडा? म्हणाला, सातवा. मी म्हणालो, नऊ वाजले की उठत जा आणि झोपत जा.

तो जुना व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. त्याच्या खाली पहिल्या ओळीत लिहिलंय की हे वाक्य फक्त खरेदी-विक्रीच्या धंद्याला लागू आहे. पुढच्या आठवड्यात भंगार बोर्डांवर सराव कसा करायचा हे तोच मुलगा दाखवणार आहे, चेहरा न दाखवता, नुसते हात.