सहा गठ्ठे आणि शेतकऱ्याची वही

मृगाच्या तोंडावर कल्याण किंवा मुरबाड तालुक्यांतील कोणाही शेतकऱ्यास विचारावें. "कामें इतकीं तुंबलीं आहेत, कीं आधीं काय करावें तें सुचत नाहीं," हेंच उत्तर मिळतें. आमच्या मतें हें ओझें कामांच्या संख्येचें नाहीं, त्यांच्या सरमिसळीचें आहे.

आमचें आयुष्य महसूल कचेरींत कारकुनी करण्यांत गेलें. तेथें सहा गठ्ठा पद्धत आहे. पहिल्या गठ्ठ्यांत आपण स्वतः निकालांत काढावयाचीं प्रकरणें. दुसऱ्यांत इतरांच्या उत्तराची वाट पाहणारीं. तिसऱ्यांत ठराविक मुदतीचीं पत्रकें. चौथ्यांत स्थायी आदेश. पांचव्यांत अभिलेख कक्षांत धाडावयाचीं प्रकरणें. आणि सहाव्यांत नष्ट करावयाचे कागद. यामुळें काम कमी होत नाहीं. परंतु सकाळीं हात कोठें घालावयाचा, हें ठरलेलें असतें.

शेतकरी बंधूंनीं वहीचीं सहा पानें अशींच राखावीं. बियाण्याची निवड, बांधांची डागडुजी, पॉवर टिलरची दुरुस्ती हीं पहिल्या पानावर. मोजणीची तारीख, मजुरांचा होकार हीं दुसऱ्यावर. त्यांची रोज चिंता न करितां आठवड्यांतून एकदां विचारपूस करावी. पीककर्जाचा भरणा, विमा, ई-पीक पाहणी हीं तारखांसह तिसऱ्यावर. गुरांची वैरण कोणीं पाहावी, असले घरचे नियम चौथ्यावर. पावत्या व उतारे कोठें ठेविले, तें पांचव्यावर. सहाव्यावर यंदा करावयाचींच नाहींत तीं कामें. न लिहितां सोडलेलें काम मनांतून सुटत नाहीं.

कोणी म्हणेल, आमची शेती पावसावर. तेथें यादी काय करणार? पाऊस हा दुसऱ्या पानाचा विषय आहे. तो येईपर्यंत पहिलें पान रिकामें करणें एवढेंच आपल्या हातीं असतें. मग आवणीच्या दिवसांत कचेरीची फेरी आड येत नाहीं.

हें आम्ही फुशारकीनें सांगत नाहीं. जमिनींतील हक्क प्राप्त झाल्यावर तीन महिन्यांच्या आंत तो कळवावा, असें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत आहे. हा नियम आम्ही शेंकडों खातेदारांस सांगितला. आणि वडिलांमागें आमच्याच घरची वारसनोंद नऊ वर्षें राहिली. उद्यां करूं, असें रोज म्हटलें. लिहून मात्र कधीं ठेविलें नाहीं. दरम्यान थोरले बंधु वारले, आणि दोन पिढ्यांचे दाखले गोळा करण्यासाठीं वहिनींस उन्हातान्हांत खेटे घालावे लागले. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. तेंच अधिक लागलें.

म्हणून आमची विनंती इतकीच, कीं आज रात्रीं जेवणानंतर वही घ्यावी, पहिल्या पानावर फक्त तीन कामें लिहावीं, आणि तीं उरकल्यावांचून चौथें लिहूं नये.