मेंढपाळाची जबानी

एखादी हौशी नाट्यसंस्था ग्रीक शोकांतिका रंगमंचावर आणण्याचे मनावर घेते, तेव्हा राजाची भूमिका कोणी करावयाची यावर आठवडेच्या आठवडे खल होतो आणि जासूद, पहारेकरी, मेंढपाळ ही कामे मात्र उरल्यासुरल्या मंडळींत वाटून टाकली जातात. ही वहिवाट मोडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे; आणि ते सोफोक्लीझच्या ‘राजा ओयदिपौस’मधील वृद्ध मेंढपाळाचे काम केल्यानंतर बनलेले आहे.

पु. ल. देशपांडे यांनी ही कृती मराठीत आणलेली असल्याने तिचे कथानक आपणांस अपरिचित नाही. मूळ नाटकाच्या 1530 ओळींपैकी हा म्हातारा जेमतेम पाऊणशे ओळी रंगमंचावर असतो. काम लहान आहे, तालमीला शेवटच्या पंधरवड्यात आलात तरी चालेल, असे मला सांगण्यात आले आणि मी ते ऐकले, याची खंत अजून जात नाही. कारण ज्या अर्भकाला मारून टाकण्याचा हुकूम झाला होता, त्याची दया येऊन ते परक्याच्या स्वाधीन करणारा हाच. राजा लायसच्या वधातून जिवंत सुटलेला एकमेव साक्षीदारही हाच. आणि ओयदिपौसला सिंहासनावर पाहताच राणीचा हात धरून ‘मला दूर रानात धाडा’ अशी याचना करणाराही हाच. दोन भयंकर गुपिते नाटककाराने एका चाकराच्या देहात कोंडून ठेवली आहेत, आणि नटाला ती सारी वर्षे पाठीवर घेऊनच प्रवेश करावयाचा आहे!

राजा त्याची जबानी घेतो तेव्हा कॉरिंथचा जासूद शेजारीच उभा असतो. किथेरॉन पर्वतावर वसंतापासून स्वातीचा तारा उगवेपर्यंत, सहा सहा महिन्यांचे तीन हंगाम आपण दोघांनी कळप चारले, ही आठवण तो मोठ्या आनंदाने काढतो. पहिल्या दोन प्रयोगांत मी भीतीने राजाकडे पाहत राहिलो. तिसऱ्या प्रयोगात नजर आपोआप त्या जासुदाच्या ओठांवर खिळली. भय तेथे होते, कारण पुढचा शब्द तेथून निघणार होता. हे मला पहिल्या तालमीतच उमगावयास हवे होते.

ग्रीक शोकांतिकेत मृत्यू बहुधा पडद्याआड घडतो. राणीने घेतलेला गळफास आणि राजाने तिच्याच वस्त्रावरील काट्यांनी फोडून घेतलेले डोळे प्रेक्षकाला दिसतात ते महालातून आलेल्या एका निनावी सेवकाच्या वाणीतून. ते निवेदन आवाज खणखणीत आहे एवढ्याच गुणावर नवख्या मुलाकडे सोपविणे म्हणजे नाटकाचा कळस कच्च्या विटांनी बांधणे होय. माझ्या मते नायकाखालोखालचा नट या कामासाठी राखून ठेवावा. अथेन्समध्ये तर तीनच नट मुखवटे पालटून सारी बोलकी पात्रे वठवीत असत. म्हणजे जासुदासाठी दुय्यम नटांचा निराळा वर्गच नव्हता. इ. स. पूर्व 458 मधील एस्किलसच्या नाट्यत्रयीत ओरेस्टीझचा मित्र पिलाडीझ दुसऱ्या नाटकात मुकाट वावरतो, आणि आईवर शस्त्र उगारलेला ओरेस्टीझ कचरतो त्या क्षणी केवळ तीन ओळी बोलून पुन्हा मौन धारण करतो. त्या तीन ओळींनी एका मातेचे मरण निश्चित होते. अशा भूमिकेला समीक्षणात ‘इतरांची साथ ठीक’ एवढ्यावर बोळविणाऱ्या समीक्षकांनीही याचा विचार करावा.

सत्य उघडकीस येताच ओयदिपौस आक्रोश करीत महालात धावतो आणि वृंदगान सुरू होते. मेंढपाळाला पुन्हा कोणी काही विचारीत नाही. त्याच्या दयेतूनच हे सारे उद्भवले, ही गोष्टही कोणी त्याच्यापाशी काढीत नाही. शिपायांनी पिरगाळलेले हात मोकळे झाले की खाली पडलेली काठी उचलायची आणि रानाच्या वाटेने आत जायचे. विंगेपर्यंत आठ पावले होती. ती कशी टाकावयाची, हे आमच्या तालमीत बसविलेच गेले नव्हते.